शस्त्रक्रियेनंतरची रात्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय कळला तेव्हा मंडळाचे चिटणीस थोडे दचकले. निवृत्त शिक्षक म्हटला की तो शिक्षणावर, संस्कारांवर, फार तर हुंड्याच्या चालीवर बोलणार, अशी सर्वांची अपेक्षा असते. या तिन्ही विषयांवर आम्ही याच व्यासपीठावरून पूर्वी बोललो आहोत, आणि त्याचा यत्किंचित परिणाम झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून यंदा वजन उतरविण्याकरिता पोटावर जी शस्त्रक्रिया करतात तिच्याविषयी, किंबहुना ती करून घरी परतलेल्या माणसाविषयी, चार शब्द सांगण्याचे योजिले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे आमचे शिक्षण. जे सांगू ते घरच्या एका प्रसंगातून शिकलेले, आणि पुढे जाणत्या डॉक्टरांना विचारून पडताळून घेतलेले आहे.

हा विषय श्रीमंतांचा, मुंबई-पुण्याचा, असे पुष्कळांस वाटेल. २०११ साली नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिचे नाव प्रथम वर्तमानपत्रात वाचले असेल. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्त देशातील इमान अहमद या बाईंना, ज्यांचे वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचे सांगत, विमानाने मुंबईस आणण्यात आले व मार्च महिन्यात तेथील सैफी इस्पितळात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी आपल्या पारावर ती एक अजब वार्ता म्हणून चघळली गेली. आज आमच्या माहितीतल्या आपल्या ज्ञातीच्याच पाच घरांत ही शस्त्रक्रिया झालेली माणसे आहेत. दोन घाटावर, तीन घाटाखाली. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या खर्चासंबंधी अटी स्पष्ट केल्या, तेव्हापासून त्या अटींत बसणाऱ्या रुग्णास विम्यातून खर्च मिळण्याचा मार्गही पुष्कळसा मोकळा झाला. तेव्हा पाचाची पंधरा घरे होण्यास फार वर्षे लागतील असे नाही.

आरंभीच एक खुलासा करतो. ही शस्त्रक्रिया वाईट आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याचे वजन अतोनात वाढले आहे, ज्यास मधुमेह, रक्तदाब जडला आहे, रात्री झोपेत ज्याचा श्वास अडकतो, अशा माणसाचे आयुष्य तिने वाढते. जाणत्या हातांनी केली तर ती जिवावर बेतण्याचे प्रमाण हजारात एखाददुसरे इतकेच सांगतात. पोट सुटले, अंगरखा घट्ट झाला, म्हणून ही कोणी करीत नाही आणि करूही नये. वजनाच्या किलोंस मीटरमधील उंचीने दोनदा भागावयाचे, येणाऱ्या आकड्यावरून डॉक्टर निर्णय करतात. तो चाळीसच्या वर, किंवा मधुमेहासारखा विकार जोडीला असता पस्तीसच्या वर गेला, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार होतो. आपल्या देशातील लोकांकरिता डॉक्टर ही मर्यादा थोडी खालीच धरतात.

शस्त्रक्रियेत होते काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात व केळ्याएवढी निमुळती नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून त्यास खालचे आतडे आणून जोडतात, म्हणजे अन्न मधली बरीच वाट टाळून जाते. यास बायपास म्हणतात. कापलेल्या कडा बारीक धातूच्या पिनांच्या रांगेने बंद करतात. कचेरीत कागदांस पिना मारतात, तसाच प्रकार. ती रांग भरून येईपर्यंत कोठे एखादा टाका सुटला, तर जठरातील रस पोटाच्या पोकळीत पाझरू लागतो. शंभरात एकदोघांच्या वाट्यास हे येते. बहुधा पहिल्या दोनतीन आठवड्यांत येते. म्हणजे रुग्ण इस्पितळातून सुटून घरी पोहोचलेला असतो तेव्हा. आणि आपले घर त्या इस्पितळापासून चार-पाचशे किलोमीटरांवर असते.

आता तो प्रसंग. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा संग्रामपूर तालुक्यात राहतो. शेती आहे, बी-बियाण्याचे दुकान आहे. वय अडतीस, वजन १४२ किलो, उंची एक मीटर सत्तर सेंटीमीटर. भागाकार आपण घरी करून पाहावा, उत्तर ४९ च्या जवळ येते. मधुमेह होताच. २०२२ च्या पावसाळ्यात एका मोठ्या शहरात त्याच्यावर पहिल्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी सोडले, पाचव्या दिवशी भाड्याच्या मोटारीने अकरा तास बसून तो घरी आला. मोटार मध्ये एकदाच थांबली, तीही चालकाच्या चहाकरिता. (असे बसून येणेही धोक्याचे असते, हे आम्हांस मागाहून कळले. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस बोलता बोलता जातो. दर तासा-दीड तासाने उतरून चालले पाहिजे, आणि डॉक्टरांनी गुठळीवरील इंजेक्शने लिहून दिली असतील तर ती घरी आल्यावरही चुकवू नयेत.)

दहाव्या दिवशी आम्ही बहिणीकडे मुक्कामास होतो. रात्री आठच्या सुमारास भाच्याच्या डाव्या खांद्यात कळ येऊ लागली. पोट दुखते काय म्हणून विचारले, तर म्हणाला, थोडे जड वाटते. बहीण म्हणाली, "दादा, गॅस असंन." आम्हीही म्हणालो, गॅसच आहे. ओवा-हिंगाचे पाणी दिले, अंगणात फेऱ्या मारावयास लावले. अकरा वाजता गावातील डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी पोट दाबून पाहिले, ते मऊ लागले, म्हणून पित्ताचे व दुखण्याचे इंजेक्शन देऊन ते गेले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. जाड माणसाच्या पोटात आत आग लागलेली असली तरी ते वरून मऊ लागू शकते, आणि खांद्यातील कळ ही पोटातूनच आलेली असते, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, आम्हांसही नाही.

बंधुभगिनींनो, यापुढचे सांगणे आम्हांस जड जाते. आम्ही एकतीस वर्षे शाळेत शिकविले, त्यांपैकी पुष्कळ वर्षे बालवीर पथक आमच्याकडे होते. मनगटावर तीन बोटे ठेवून, घड्याळाच्या काट्याकडे पाहून नाडी कशी मोजावी, हे आम्ही शेकडो मुलांना शिकविले. या सभेतही त्यांतील काही बसलेले दिसतात. त्या रात्री आठपासून आम्ही भाच्याच्या उशाशी बसून होतो आणि त्याच्या मनगटास बोट लावण्याचे आम्हांस सुचले नाही. पहाटे सव्वातीनला सूनबाई म्हणाली, "मामाजी, यायची छाती पाहा बरं, कशी धडधड करून रायली." तेव्हा कोठे आम्ही नाडी मोजली. एकशे बत्तीस. अंग तापलेले, श्वास भरभर चाललेला.

या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, माणूस स्वस्थ पडून असता नाडी मिनिटास एकशेवीसच्या वर राहू लागली, तर तो टाका सुटल्याचा इशारा समजावा. तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत तसेच आहे असे धरून चालावे. ताप नसला तरी, पोट दुखत नसले तरी. डॉक्टर मंडळी आपल्या शिकाऊ विद्यार्थ्यांना हेच शिकवितात. हे मोजण्यास यंत्र लागत नाही. मनगट आणि घड्याळ पुरते.

लगेच १०८ क्रमांक फिरविला. ही गाड्यांची व्यवस्था आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. पावसाळ्याच्या रात्री पाऊण तासात गाडी दारात आली, याबद्दल आम्ही त्या मंडळींचे ऋणी आहोत. गाडीने जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी विचारले, शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची? कागद कोठे आहे? सूनबाईस एवढेच ठाऊक होते की पोट लहान केले. सुटकेचे कार्ड विम्याच्या कामाकरिता धाकट्या भावाने तालुक्याबाहेर नेले होते, आणि घरात तीन मोबाईल असून एकातही त्याचे छायाचित्र नव्हते. शस्त्रक्रिया केलेल्या इस्पितळाचा जो एक क्रमांक पाठ होता तो सकाळी दहानंतर उचलला जात असे. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, सलाईन चढविले आणि सरळ सांगितले की येथे शल्यविशारद नाही व सी.टी. स्कॅनचे यंत्रही नाही, अकोल्यास न्या. पूर्णेचा पूल ओलांडून, शेगाववरून, साडेसातला अकोल्यास पोहोचलो.

तेथे पहिल्या खाजगी इस्पितळाने दीड तास बसवून ठेवले आणि मग सांगितले, "ज्यांनी कापले त्यांच्याकडे न्या." ज्यांनी कापले ते आठ-दहा तासांच्या वाटेवर. दुसऱ्या इस्पितळाने नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आत घेतले. तेथील वृद्ध शल्यविशारदांनी आधी कागद मागितला नाही, आधी रुग्ण पाहिला. नंतर त्यांनीच कोठूनसा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा खाजगी क्रमांक मिळविला आणि दोघे डॉक्टर आपसात दहा मिनिटे बोलले. टाका सुटला होता. पोट धुऊन काढले, नळ्या घातल्या, आतड्यात वेगळी नळी घालून त्यातून अन्न दिले. अडतीस दिवसांनी भाचा घरी आला.

आम्ही शिक्षक पडलो. घरी आल्यावर पाटी घेऊन हिशेब मांडला. रात्री आठ ते सकाळी नऊ चाळीस, म्हणजे तेरा तास चाळीस मिनिटे. गाडीची वाट पाहण्यात पाऊण तास गेला. सरकारी दवाखाना व तेथवरचा रस्ता, पावणेदोन तास. अकोल्याचा रस्ता, पावणेदोन तास. नाकारणाऱ्या इस्पितळात दीड तास, दुसरे शोधून दाखल होण्यात चाळीस मिनिटे. आणि घरात, ओव्याच्या पाण्यात व फेऱ्या मारण्यात, सव्वासात तास. निम्म्याहून अधिक काळ आम्हीच घालविला. आपला जिल्हा मागास आहे, सरकार काही करीत नाही, असे भाषण करण्यास आम्ही तयारच होतो. पण बेरीज काही वेगळे सांगत होती.

सरकारविषयीही बोलावयास हवेच. आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके. घाटाखालच्यांना अकोला जवळ. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडील मंडळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी इस्पितळाकडे धाव घेतात. बुलढाण्यास स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण महाविद्यालय सुरू होणे आणि मध्यरात्री अशा रुग्णास हात घालणारा अनुभवी शल्यविशारद तेथे असणे, यांत काही वर्षांचे अंतर असते. तेव्हा आज-उद्याच्या रात्री अंतर आहे तेवढेच राहणार.

या अंतराचा अर्थ काय, ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. सप्टेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी मधुमेहाकरिता दिल्लीच्या एका नामांकित इस्पितळात हीच शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच महिन्यात संसर्ग झाल्याने त्यांस एम्स या इस्पितळात हलवावे लागले आणि ते बरे होऊन कामावर परतले. विपरीत घडावयाचे ते मंत्र्यासही घडते. फरक इतकाच की त्यांस एका मोठ्या इस्पितळातून दुसऱ्यात जावयाचे होते आणि तेही एकाच शहरात. आमच्या भाच्यास सातपुड्याच्या पायथ्यापासून निघावयाचे होते.

इस्पितळाने नाकारण्याच्या गोष्टीकडे येतो. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी असो वा खाजगी, संकटातील माणसाचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे. पुढे कलकत्त्याच्या हकीम शेख या मजुराचा खटला झाला. १९९२ साली तो आगगाडीतून पडला, खाट नाही म्हणून त्यास एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठविले आणि शेवटी खाजगी इस्पितळात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की वेळेवर उपचार न देणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, आणि त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. हे निकाल आपणांस ठाऊक असावेत. पण पहाटे दारात उभे राहून कलमे सांगू नयेत. नाकारणारा डॉक्टर बहुधा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. दुसऱ्याने केलेली, आपण न पाहिलेली शस्त्रक्रिया. रुग्ण दगावला तर नातेवाईक काचा फोडणार. त्याची भीती दोनच गोष्टींनी उतरते. आत काय केले आहे ते सांगणारा कागद, आणि ज्याने केले त्या शल्यविशारदाचा फोनवर आवाज. आमच्याजवळ दोन्ही नव्हते. कागद मागण्याचा आपणांस अधिकार आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून बहात्तर तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. रात्रीचा क्रमांक मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच मागून घ्यावा. खोली कशी आहे, जेवण कसे आहे, विम्याचे किती मिळतील, हे सर्व आपण विचारतो. रात्री दोन वाजता आमच्या खेड्यात दुखू लागले तर फोन कोण उचलील आणि अकोल्यात वा संभाजीनगरात आपल्या ओळखीचे कोण पाहील, हे कोणी विचारीत नाही. ज्या डॉक्टरांजवळ याचे उत्तर नसेल त्यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वी आणखी एकदा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यापेक्षा नाजूक गोष्ट पुढे आहे, आणि ती बोलण्याकरिताच आम्ही आज उभे राहिलो म्हटले तरी चालेल. आपल्या मंडळाची वधू-वर सूची दरवर्षी निघते. तीत उंची असते, वर्ण असतो, आता वजनही लिहू लागले आहेत. मुलगी जाड म्हणून तीन ठिकाणी नकार आला की चौथ्या वर्षी कोणी तरी शस्त्रक्रियेचे नाव काढतो. मुलगी दोन महिने 'मावशीकडे' जाते, वर्षाने बारीक होऊन सूचीत येते, लग्न होते, आणि सासरी कोणास काही ठाऊक नसते. अशी एक मुलगी आम्हांस माहीत आहे. गाव सांगत नाही, साल सांगत नाही. तिचे बायपास झालेले होते. लग्नानंतर दोन वर्षांनी जेवण झाले की पोटात मुरडा येई, पाठीपर्यंत जाई, आपोआप थांबे. एका रात्री तो थांबला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, पूर्वी पोटाची काही शस्त्रक्रिया? खाटेशी सासूबाई उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे वण ते केवढे! कोणाच्या नजरेस आले नाहीत. सकाळी परिचारिकेजवळ एकांतात ती खरे बोलली. तोवर आतड्यास पीळ पडून त्याचा मोठा भाग काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. ती जिवंत आहे.

बायपासनंतर माणूस बारीक झाला की आतील चरबी झडते आणि आतड्यांच्या मांडणीत फटी उरतात; त्या फटीत आतडे शिरून अडकू शकते. हे महिन्यांनी होते, वर्षांनीही होते. स्कॅनमध्ये कधी कधी दिसतही नाही. डॉक्टरांस बायपास झाल्याचे ठाऊक असेल तर ते वाट न पाहता पोट उघडून पाहतात; ठाऊक नसेल तर पित्ताची गोळी देतात. तेव्हा आमची पालकांना हात जोडून विनंती आहे की लपवू नका. आणि वरपक्षालाही सांगणे आहे: शस्त्रक्रिया झालेली मुलगी म्हणजे रोगी मुलगी नव्हे. आपण तोंड वाकडे करतो म्हणून ती लपविते. ते तोंड आपणांस सरळ करता येईल.

काही किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या गोष्टी. आपल्याकडे अशक्तपणा आला, उलट्या झाल्या, की ग्लुकोजची बाटली लावण्याचा प्रघात आहे. या शस्त्रक्रियेनंतर ज्यास दोन-तीन आठवडे उलट्या होत आहेत, त्याच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्व, ज्यास थायामिन म्हणतात, संपत आलेले असते. अशा माणसास ते न देता नुसते ग्लुकोज चढविले, तर उरलेसुरलेही त्यात खर्ची पडते आणि मेंदूस इजा होऊ शकते. डोळे भिरभिरतात, चाल डगमगते, माणूस बरळू लागतो. आधी थायामिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, असा क्रम आहे. औषध अगदी स्वस्त आहे. याच जीवनसत्त्वाच्या अभावाने जावा बेटात लोक बेरीबेरीने मरत. डच डॉक्टर आइकमन यांनी तेथे पांढरा सडीक तांदूळ खाऊन लंगडणाऱ्या कोंबड्यांवरून त्याचा माग काढला आणि १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही हा धडा वर्गात शिकवीत असू. तो पुन्हा आपल्या ओसरीवर येईल असे वाटले नव्हते. डॉक्टरांना शिकविण्याचा हा प्रकार नव्हे, "यांचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, थायामिन द्यावयाचे काय?" एवढे नम्रपणे विचारावे, बहुतेक डॉक्टर मनावर घेतात.

गुडघ्याच्या दुखण्यावर परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू यांनी बायपासच्या जोडावर जखम होते व ती फुटू शकते. तंबाखूविषयी या सभेत किती बोलावे हा प्रश्नच आहे, बाहेर मंडपाच्या मागील भिंत पाहिली.

मंडळाकडे आमचे मागणे थोडे आहे. वैद्यकीय साहाय्य निधी आहे, तो बिले आल्यावर हलतो. त्याआधीच्या रात्री हलणारे काही हवे. अकोल्यात आपल्या ज्ञातीची बरीच कुटुंबे आहेत, संभाजीनगरात आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन गृहस्थांनी आपला क्रमांक रात्रीही उचलण्याचे पत्करावे, आणि कोणत्या इस्पितळात रात्री शल्यविशारद व स्कॅन दोन्ही मिळतात याची चौकशी आधीच करून ठेवावी, एवढेच. अकोल्यातील दोघांनी आज सकाळीच आम्हांस होकार दिला. संभाजीनगरचे अद्याप कोणी पुढे आले नाही. चहाच्या वेळी आम्ही प्रवेशद्वाराशी वही घेऊन बसलेलो असू. स्मरणिकेतील वधू-वर सूचीतून वजनाचा रकाना काढून टाकावा, असा ठरावही आम्ही लेखी दिला आहे. तो कार्यकारिणी पुढील वर्षावर ढकलील, असा आमचा अनुभव सांगतो, तरी दिला आहे.

आमचा भाचा तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्या परवानगीनेच हे सर्व सांगितले. वजन आता ८८ किलो आहे, मधुमेहाची गोळी सुटली आहे. त्याच्या खिशात एक कार्ड असते. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक, डॉक्टरांचा रात्रीचा क्रमांक आणि "ग्लुकोजपूर्वी थायामिन" हे शब्द मराठीत व इंग्रजीत लिहिले आहेत. ज्यांस नमुना उतरवून घ्यावयाचा असेल त्यांनी त्यास भेटावे, तो संकोच करणार नाही. दुपारच्या पंगतीत तो वाटीभर वरण आणि दोन घास भात घेईल, तेही सावकाश. जिलबी घेणार नाही. एकदम गोड पोटात गेले तर त्यास घाम सुटतो आणि भोवळ येते. आग्रह करणे ही आपल्या ज्ञातीची जुनी ख्याती आहे, म्हणून वाढणाऱ्या मंडळींस आम्ही सकाळीच त्याचे पान दाखवून ठेवले आहे.